नंबर मायनस, तरी कोन बंद: आरओपी झालेल्या डोळ्यातला काचबिंदू आणि त्याचे उपचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९. जन्म एकोणतिसाव्या आठवड्यात, वजन ११०० ग्रॅम, जन्मानंतर दीड महिना पेटीत. आरओपीमुळे (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) डाव्या डोळ्याचा पडदा लहानपणीच सुटला, त्या डोळ्याला उजेडही कळत नाही. उजव्याला मायनस १२ चा चष्मा, चष्म्यासह ६/२४ दिसतं. काही महिन्यांपासून संध्याकाळी उजव्या भुवईत ठणका, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत वलयं, मध्येच धुरकट. तपासणीत प्रेशर ३४. एका डॉक्टरांनी ‘मायनस नंबर आहे, म्हणजे ओपन अँगल’ म्हणून थेंब सुरू केले, दुसऱ्यांनी लेझरने छिद्र करायला सांगितलं. दिसणारा डोळा एकच आहे, लेझरने तो जाणार तर नाही ना? आणि डावा डोळाही अधूनमधून दुखतो, त्याचं काय?

आधी निष्कर्ष सांगतो. तुमची लक्षणं कोन बंद होत असल्याची आहेत. कोन म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) यांच्यातली, डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची जागा. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला योग्य दिशेचा आहे, पण लेझरच्या आधी गोनिओस्कोपी, म्हणजे खास भिंगाने कोन पाहण्याची तपासणी, झालीच पाहिजे. आणि लेझर झालं म्हणजे काम संपलं असं धरू नका. आरओपीच्या डोळ्यात बहुतेकदा गुन्हेगार असतो तो डोळ्याचा स्वतःचा भिंग, आणि शेवटी तो काढणं हाच पक्का इलाज ठरतो.

‘मायनस नंबर म्हणजे कोन उघडा’ हा नियम मायनस नंबरच्या सर्वसाधारण लोकांसाठी बरोबर आहे. त्यांचा डोळा लांब असतो, २६-२७ मिमी, आणि पुढचा कप्पा, म्हणजे चेंबर, साडेतीन मिमीहून खोल. तिथे कोन बंद होणं दुर्मीळ. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यात मात्र पुढच्या भागाची वाढ मध्येच अडते. कॉर्निया लहान आणि जास्त वक्र राहतो, भिंग जाड आणि गोलसर होतो आणि आपल्या जागेपेक्षा पुढे येऊन बसतो. वक्र कॉर्निया आणि पुढे आलेला जाड भिंग या दोघांमुळे नंबर मायनस होतो, डोळ्याची लांबी मात्र २२-२३ मिमीच असू शकते. मायनस १२ चा चष्मा आणि २३ मिमीचा डोळा ही जोडी दिसली की कोन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरा गोंधळ वयाचा होतो. कोन बंद होणारा काचबिंदू पन्नाशीनंतरचा आजार समजला जातो. आरओपी झालेल्यांत तो किशोरवयापासून चाळिशीपर्यंत कधीही येतो.

ही काही नवी माहिती नाही. हा आजार बॉस्टनच्या टेरी यांनी १९४२ मध्ये वर्णन केला, मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये त्याचा संबंध पेटीतल्या ऑक्सिजनशी दाखवला. त्या काळात वाचलेली मुलं मोठी झाली आणि १९८०च्या दशकात अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ त्यांच्यातल्या बंद कोनाच्या काचबिंदूबद्दल लिहू लागले. आपल्याकडे नवजात अतिदक्षता विभाग १९९० नंतर पसरत गेले, आधी मुंबई-पुण्यात, मग जिल्ह्यांत. त्यांत वाचलेली पहिली पिढी आता विशी-तिशीत आहे. म्हणजे हे रुग्ण आपल्या ओपीडीत यायला लागण्याची वेळ हीच आहे, आणि त्यांना ‘मायग्रेन’ म्हणून परत पाठवलं जाऊ नये.

आता तपासणी. गोनिओस्कोपी खोलीत अंधार करून, स्लिट लॅम्पचा प्रकाश आखूड आणि अरुंद ठेवून व्हायला हवी. प्रकाश बाहुलीवर पडला की बाहुली लहान होते, आयरिस ओढली जाते आणि बंद कोन तेवढ्यापुरता उघडा भासतो. नंतर चार आरशांच्या भिंगाने कॉर्नियावर हलका दाब देऊन बघायचं. दाबल्यावर कोन उघडला तर आयरिस फक्त टेकलेली आहे. उघडला नाही तर ती चिकटली आहे. पूर्ण उपचार या एका फरकावर ठरतो: टेकलेल्या कोनाला छिद्राचा किंवा भिंग काढण्याचा फायदा होतो, अर्ध्याहून जास्त कोन चिकटलेला असेल तर पुढे पाणी बाहेर काढणारी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता बरीच असते. त्याच वेळी कोनात किंवा बाहुलीच्या कडेला नव्या बारीक रक्तवाहिन्या आहेत का हेही पाहायचं, कारण त्या असतील तर मार्गच वेगळा.

यासोबत पुढच्या भागाचा ओसीटी (प्रकाशाने केलेलं स्कॅन) किंवा यूबीएम (बारीक अल्ट्रासाउंड) करून चेंबरची खोली, भिंगाची जाडी आणि सिलिअरी बॉडीची (आयरिसमागचा, डोळ्यातलं पाणी तयार करणारा भाग) जागा मोजून घ्या. तिशीच्या आत भिंगाची जाडी साधारण पावणेचार मिमी असते. ती साडेचारच्या वर आणि चेंबर अडीचच्या खाली असेल, तर छिद्राने भागेल याची खात्री कमी. शेवटी बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) आणि पडद्याची कडेपर्यंत तपासणी. पण इथे एक सावधगिरी: कोन बंद असताना बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासायला बसलं तर तिथेच झटका येऊ शकतो. आधी कोन, मग छिद्र, मग बाहुली मोठी करणं, असा क्रम ठेवावा. कॅम्पात, चष्म्याच्या दुकानात किंवा नव्या दवाखान्यात कुणी सरसकट थेंब टाकायला आलं तर थांबवा आणि कोनाबद्दल सांगा.

डोळ्याची नस (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी) किती खराब झाली हे ठरवणं आरओपीत फार अवघड असतं, आणि दोन्ही बाजूंनी चूक होते. वेळेआधी जन्मलेल्या मुलांच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेच्या पांढऱ्या भागाला इजा झालेली असेल तर नसेतला खड्डा जन्मापासूनच मोठा दिसतो आणि खालच्या बाजूचं दृष्टिक्षेत्र कमी असतं. प्रेशर नॉर्मल असूनही त्यावर काचबिंदूचा शिक्का बसतो. उलट, आरओपीच्या व्रणाने पडदा कानाच्या बाजूला ओढला गेला असेल तर नस तिरकी होते, खड्डा उथळ दिसतो आणि खरा काचबिंदू लपतो. ओसीटीच्या लाल-हिरव्या पट्ट्यांवर इथे विश्वास ठेवू नये. त्या नॉर्मल डोळ्यांशी तुलना करून रंगतात. ओढलेल्या पडद्यात कानाकडचा मज्जातंतूंचा थर जाड आणि बाकीचा पातळ दिसतो, तो काचबिंदू नसतानाही. शिवाय लहानपणी लेझर किंवा क्रायो (गोठवण्याचा उपचार) झालेलं असेल तर दृष्टिक्षेत्राच्या कडा त्यामुळेही कमी असतात. म्हणून नसेचा फोटो, ओसीटी आणि फील्ड (दृष्टिक्षेत्राची तपासणी) आज करून ठेवा आणि पुढची तुलना तुमच्याच जुन्या रिपोर्टशी करायला सांगा. नजर थरथरत असेल तर फील्डसाठी मोठा, पाच नंबरचा ठिपका वापरला की निदान वाचता येईल असा निकाल मिळतो.

लेझर ठरेपर्यंत प्रेशर खाली आणायला थेंब हवेतच. टिमोलॉल ०.५ टक्के दोनदा चालेल, पण पेटीत दीर्घकाळ ऑक्सिजनवर राहिलेल्या अनेकांची फुप्फुसं मोठेपणीही नाजूक असतात. दमा, शिट्टीसारखा श्वास किंवा नाडी मंद असेल तर तो बंद करून डॉर्झोलामाइड २ टक्के घ्या. ब्रिमोनिडिन तुमच्या वयात चालतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला की औषध रक्तात कमी जातं. एवढ्यानेही प्रेशर तिशीच्या वर राहिलं तर काही दिवसांपुरतं ॲसिटाझोलामाइड २५० मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा; किडनीचा त्रास किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर नाही. बोटांना मुंग्या आणि सोड्याची चव बदललेली वाटणं हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरू नका.

पायलोकार्पिनबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण बंद कोन म्हटलं की हात सवयीने त्याच बाटलीकडे जातो. ते बाहुली लहान करतं हे खरं, पण सोबत सिलिअरी स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरणारे दोर सैल होतात आणि भिंग आणखी जाड होऊन पुढे सरकतो. ज्या डोळ्यात मुळात भिंगच पुढे येऊन अडचण करतो आहे तिथे चेंबर अजून उथळ होतं. त्यातच आरओपीच्या पडद्याचा कडेचा भाग पातळ आणि ताणलेला असतो, पायलोकार्पिनच्या ओढीने तो फाटून पडदा सुटण्याचा धोका असतो. लेझरच्या अर्धा तास आधी आयरिस ताणण्यासाठी एकदा टाकणं वेगळं, रोजचा उपचार म्हणून ते नको.

याला जोडून एक औषध लक्षात ठेवा: टोपिरामेट. डोकेदुखीला मायग्रेन समजून ते सर्रास दिलं जातं, आणि ते काही जणांत सिलिअरी बॉडीला सूज आणून भिंग पुढे ढकलतं. त्या प्रकारात छिद्राचा उपयोग होत नाही, गोळी बंद करावी लागते. सर्दीच्या आणि प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्याही कोन बंद असेपर्यंत टाळा.

लेझर इरिडॉटॉमीमध्ये आयरिसच्या कडेला एक छोटं भोक पाडतात, म्हणजे आयरिसच्या मागे तुंबलेलं पाणी बाहुलीत न अडकता थेट पुढे येतं आणि फुगलेली आयरिस मागे सपाट होते. आपल्या लोकांची आयरिस जाड आणि गडद तपकिरी असते. नुसत्या याग लेझरने तिथे भोक पाडायला गेलं तर जास्त शॉट्स, जास्त रक्तस्राव आणि जास्त कचरा. त्यामुळे आधी हिरव्या लेझरने ५० मायक्रॉनचा ठिपका, ७०० ते १००० मिलिवॅट आणि ०.१ सेकंदाच्या आतबाहेर ठेवून खड्डा पातळ करायचा, मग याग ३ ते ५ मिलिज्यूलने आरपार. भोक किमान २०० मायक्रॉनचं हवं. पलीकडचं लाल चमकताना दिसणं एवढं पुरेसं नाही, तिथून भिंगाचा पुढचा पापुद्रा दिसला पाहिजे आणि रंगद्रव्यासकट पाण्याचा लोट पुढे आला पाहिजे. रक्त आलं तर लेझरसाठी डोळ्यावर ठेवलेल्या लेन्सनेच अर्धा मिनिट दाबून धरतात, थांबतं. नजर थरथरणाऱ्या डोळ्यात हीच लेन्स डोळा स्थिर ठेवते. तरीही नेम बसत नसेल तर जबरदस्ती न करता डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन देऊन करावं, कारण चुकलेला शॉट भिंगावर बसला की मोतीबिंदू वाढतो.

लेझरने डोळा जातो का, याचं उत्तर: योग्य डोळ्यात, योग्य प्रकारे केलं तर ती भीती बाळगण्याचं कारण नाही. खरा धोका लेझरनंतरच्या पहिल्या काही तासांत प्रेशर चढण्याचा असतो. ज्याची नस आधीच थकलेली आहे त्याला तो बसतो. म्हणून लेझरच्या आधी आणि नंतर ब्रिमोनिडिनचा एकेक थेंब, एक तासाने प्रेशर मोजल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि आठवडाभर प्रेडनिसोलोन १ टक्का दिवसातून चारदा. एका तासाला प्रेशर आधीपेक्षा जास्त असेल तर गोळी देऊन थांबवून घेतात. तसं सांगितलं तर थांबा, एसटी चुकली तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा. लेझरनंतर आठवड्याभरात आणि पुन्हा महिन्याने गोनिओस्कोपी करायची. चेंबर खोल झालं, कोन उघडला, प्रेशर उतरलं, तर बाहुलीत अडणारं पाणी हेच मूळ होतं. भोक उघडं आहे, तरी चेंबर उथळच आणि दाबल्यावरच कोन उघडतोय, तर भिंग मागून ढकलतो आहे. अशा वेळी थेंबांची संख्या वाढवत बसण्यात वर्षं जातात आणि कोन चिकटत जातो. तेव्हा भिंग काढण्याचा निर्णय घ्यावा, मोतीबिंदू पिकलेला नसला तरी. तुमच्या वयात डोळ्याची जवळ-लांब फोकस करायची ताकद जाईल हा तोटा आहेच, पण चेंबर एका दिवसात दुप्पट खोल होतं आणि नंबराचा भिंगामुळे आलेला भाग निघून जातो. आरओपीच्या रुग्णांत मोतीबिंदूही लवकर येतो, त्यामुळे पुष्कळांना ती शस्त्रक्रिया काही वर्षांनी लागणारच असते.

ही शस्त्रक्रिया नेहमीच्या मोतीबिंदूसारखी समजू नये, आणि ती काचबिंदू व पडदा दोन्हींची सोय असलेल्या ठिकाणीच करावी. पहिली अडचण मोजमापाची. पडदा ओढला गेलेल्या डोळ्यात मॅक्युला (पडद्याचा स्पष्ट नजरेचा मधला भाग) जागेवर नसतो. अल्ट्रासाउंडने डोळ्याच्या मधल्या रेषेवर लांबी मोजली तर ती मॅक्युलापर्यंतची नसते आणि भिंगाचा नंबर चुकतो. रुग्ण दिव्याकडे स्वतः बघतो अशा ऑप्टिकल मशिनवर, तीन-चार वेळा जुळणारं माप मिळेपर्यंत मोजायचं. जुन्या सूत्रांपैकी एसआरके-टी कॉर्नियाच्या वक्रतेवरून नवा भिंग किती खोल बसेल याचा अंदाज बांधतं. वक्र कॉर्निया आणि उथळ चेंबर या विचित्र जोडीत तो अंदाज खोल जातो आणि रुग्ण ठरवल्यापेक्षा जास्त मायनस होतो. बॅरेट युनिव्हर्सल टूसारख्या, चेंबरची खोली प्रत्यक्ष मोजून घालणाऱ्या सूत्राला इथे प्राधान्य द्यावं. डोळ्याभोवती लहानपणी बकल (सुटलेला पडदा बसवण्यासाठीची पट्टी) बसवलेलं असेल तर ते सांगायला विसरू नका, त्याने लांबी आणि वक्रता दोन्ही बदलतात.

दुसरी अडचण जागेची. अर्धा तास आधी मॅनिटॉल (शिरेतून देण्याचं प्रेशर उतरवणारं औषध), किलोमागे १ ग्रॅम, हृदय आणि किडनी ठीक असेल तर. चेंबरमध्ये कॉर्नियाला चिकटून राहणारा जेल, बाटलीची उंची कमी, आणि भिंगाचे दोर सैल असतील हे गृहीत धरून कॅप्सुलर टेन्शन रिंग टेबलवर तयार. कोन नुकताच चिकटलेला असेल तर भिंग काढून झाल्यावर त्याच बैठकीत आयरिस कोनातून हलकेच सोडवता येते. जुनी चिकटण सोडवायला गेलं तर रक्त येतं आणि कोनातली पाणी बाहेर सोडणारी जाळी तरीही काम करत नाही. जखमेला टाका घालून ठेवलेला बरा. दुसऱ्या दिवशी चेंबर उथळ आणि प्रेशर चढलेलं दिसलं तर पाणी मागे, डोळ्याचा मागचा भाग भरणाऱ्या जेलीत शिरत आहे असं समजायचं: लगेच ॲट्रोपिन, मग याग लेझरने जेलीचा पुढचा पापुद्रा फोडणं, आणि तेही पुरेसं नसेल तर आयरिस, दोर आणि जेली यांतून एकच आरपार वाट करणारी छोटी व्हिट्रेक्टॉमी (जेली काढण्याची शस्त्रक्रिया).

तिसरी अडचण पडद्याची. शस्त्रक्रियेआधी कडेपर्यंत पडदा पाहून भोक किंवा पातळ जागा असेल तर तिला लेझर करायचं, आणि नंतर एक आठवडा, एक महिना, तीन महिने असं पुन्हा पाहायचं. काजवे चमकणं, काळे ठिपके अचानक वाढणं, एका बाजूने सावली सरकत येणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी जायचं.

भिंग काढूनही प्रेशर आवरत नसेल तर पाणी बाहेर काढणारी शस्त्रक्रिया. ट्रॅबेक्युलेक्टॉमी तरुण वयात लवकर बुजते, म्हणून मायटोमायसिन ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम प्रति मिली, दोन-तीन मिनिटं लावून करतात. पण बकल किंवा जुन्या शस्त्रक्रियेमुळे वरचं पांढरं आवरण व्रणांनी भरलेलं असेल तर तिच्या मागे न लागता सरळ ट्यूब बसवावी. आपल्याकडे अहमद व्हॉल्व्ह आणि मदुराईच्या ऑरोलॅबचा एएडीआय हे दोन चालतात. अहमद पहिल्या दिवसापासून काम करतो, पण चार ते सहा आठवड्यांनी प्लेटभोवती पिशवी जाड होऊन प्रेशर पुन्हा चढतं, तेव्हा थेंब परत सुरू करावे लागतात. याला शस्त्रक्रिया फसली असं समजू नये. एएडीआयला व्हॉल्व्ह नाही, ३५० चौरस मिमीची प्लेट आहे, आणि नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधलेली असते. पाच-सहा आठवड्यांनी दोरा सुटतो आणि प्रेशर एकदम उतरतं, तोपर्यंतची औषधं चालू ठेवायची आणि त्या दिवसांत भेट चुकवायची नाही. मोठ्या माणसाच्या डोळ्यात प्लेट आठ ते दहा मिमी मागे शिवतात. चेंबर उथळ असताना नळी पुढे घातली तर कॉर्नियाला घासून तो काही वर्षांत धूसर होतो, म्हणून भिंग बदललेला असेल तर नळी आयरिसच्या मागे, आणि पूर्ण व्हिट्रेक्टॉमी झालेली असेल तर त्याहून मागे ठेवावी. डोळ्यात सिलिकॉन तेल असेल तर ट्यूब खालच्या बाजूला, कारण तेल वर तरंगतं आणि वरच्या नळीतून बाहेर पडतं.

डायोड लेझरने सिलिअरी बॉडी जाळणं हा उपचार दिसणाऱ्या डोळ्यात शेवटचा ठेवावा, न दिसणाऱ्या दुखऱ्या डोळ्यात मात्र तो पहिला. तिथून तुमच्या डाव्या डोळ्याकडे येऊ.

डावा डोळा दुखतो तेव्हा प्रेशर किती आहे हे आधी मोजा. प्रत्येक दुखणारा आंधळा डोळा काचबिंदूचा नसतो. कॉर्नियावर चुन्याची पट्टी जमून तिची खपली निघाली की काटा टोचल्यासारखं दुखतं. ती ईडीटीए या चुना विरघळवणाऱ्या रसायनाने खरवडून काढता येते. आतली जुनाट सूज असेल तर प्रेशर कमीही असतं. प्रेशर खरंच चढलेलं असेल, आणि बाहुलीच्या कडेला नव्या रक्तवाहिन्या असतील, तर प्रेडनिसोलोन १ टक्का चार वेळा आणि ॲट्रोपिन १ टक्का दोन वेळा, दोन-तीन आठवडे. उद्देश फक्त वेदना घालवणं हा आहे आणि पुष्कळांना एवढ्याने आराम पडतो. नाही पडला तर डायोड: १५०० ते २००० मिलिवॅट, दीड-दोन सेकंद, पंधरा ते वीस जागी. आरओपीच्या लहान आणि आक्रसलेल्या डोळ्यात सिलिअरी बॉडी नेहमीच्या अंतरावर नसते. मागून उजेड टाकून तिची सावली कुठे पडते ते पाहून खुणा केल्याशिवाय सुरुवात करू नये. ‘फट्’ असा आवाज आला तर शक्ती दीडशे मिलिवॅटने कमी करायची. एका बैठकीत गोल पूर्ण करायचा नाही, नाहीतर डोळा सुकून आत जातो. यानंतरही दुखत राहिलं तर डोळ्याच्या आतला भाग काढून आत गोळा आणि वरून कृत्रिम डोळा बसवतात. त्याआधी बी-स्कॅनने आत गाठ नाही हे पाहणं सक्तीचं आहे.

हे वाचणाऱ्यांत आरओपीच्या बाळांचे आईवडील असतील, त्यांच्यासाठी वेगळं सांगतो, कारण मोठ्यांचे थेंब बाळाला जिवावर बेतू शकतात. पडदा पूर्ण सुटलेल्या, पाचव्या टप्प्यातल्या डोळ्यात भिंगामागचा पांढरा व्रण आवळत जातो आणि भिंग-आयरिस दोन्ही पुढे ढकलतो. काही महिन्यांच्या वयापासून पुढच्या काही वर्षांत चेंबर नाहीसं होतं. बाळ दूध सोडतं, उलटी करतं, उजेडात डोळे घट्ट मिटतं, रात्रभर रडतं, आणि घरचे पोट दुखतंय समजून ग्राइप वॉटर देत राहतात. आरओपीचा इतिहास असलेलं बाळ असं वागलं तर कॉर्निया निळसर-धुरकट झाला आहे का ते उजेडात बघा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. लेझरनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही आतल्या सुजेने असं घडू शकतं, ते मात्र बहुधा स्टेरॉइड आणि ॲट्रोपिनवर मागे येतं.

ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या मुलाला कधीही नाही. त्याने बाळ सुस्त पडतं आणि श्वास थांबू शकतो. टिमोलॉलने नाडी मंदावते, श्वास अडतो. वेळेआधी जन्मलेल्या आणि फुप्फुसं नाजूक असलेल्या बाळाला टाळावं, द्यावंच लागलं तर ०.२५ टक्के आणि बालरोगतज्ज्ञांच्या नजरेखाली. सुरुवात डॉर्झोलामाइडने करावी. ॲसिटाझोलामाइड दिवसाला किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम, तीन-चार भागांत, दुधासोबत; बाळ दूध कमी घेऊ लागलं किंवा वजन थांबलं तर रक्तातलं आम्ल तपासायचं. ॲट्रोपिन एक वर्षाखाली ०.५ टक्के. चेहरा लाल, अंग गरम, नाडी जोरात झाली तर बंद. स्टेरॉइडचे थेंब आठवड्यांवर गेले तर त्यांनीही प्रेशर चढतं आणि बाळाच्या चेहऱ्यावर सूज येते, म्हणून ते मनाने चालू ठेवू नयेत.

औषधांनी चेंबर परत आलं नाही तर भिंग काढावा लागतो. बाळाच्या डोळ्यात मागचा सुरक्षित पट्टा अजून तयार झालेला नसतो, मोठ्यांसारखं साडेतीन मिमीवर शिरलं तर थेट पडद्याला भोक पडतं. म्हणून शस्त्रक्रिया कॉर्नियाच्या कडेने किंवा त्या कडेपासून अर्धा ते एक मिमीवरून करतात. पडदा जोडता येण्यासारखा नसला, नजर मिळणार नसली, तरी ही शस्त्रक्रिया करण्यासारखी आहे. तिने दुखणं थांबतं, कॉर्निया स्वच्छ राहतो आणि डोळा टिकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका, गर्भधारणेपासून मोजलेल्या साधारण साठाव्या आठवड्यापर्यंत राहतो, त्यामुळे साध्या तपासणीसाठी भूल दिली तरी बाळाला रात्रभर मॉनिटरवर ठेवणारं रुग्णालयच निवडा. लहानपणी डोळ्याभोवती पट्टी बसवली असेल तर काही महिन्यांनी ती कापून टाकायची असते, नाहीतर डोळ्याची वाढ आवळली जाते. कधी कापायची ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

ज्यांचा आरओपी लेझरने किंवा आपोआप बरा झाला आणि प्रेशर आज नॉर्मल आहे, त्यांनाही वर्षातून एकदा तपासणी लागते. मूल सात-आठ वर्षांचं झालं की सहसा गोनिओस्कोपी करू देतं. विशीनंतर नंबर पुन्हा भराभर वाढू लागला, उदाहरणार्थ वर्षात दोन-तीन नंबर, तर नुसता चष्मा बदलून घेऊ नका. डोळा लांब होतोय की भिंग पुढे सरकतोय हे चेंबरची खोली मोजून ठरवायला सांगा.

तुमच्यासाठी पुढचा क्रम असा: थेंब चालू, या आठवड्यात गोनिओस्कोपी आणि पुढच्या भागाचं स्कॅन, कोन टेकलेला निघाला तर लगेच छिद्र, महिन्याने पुन्हा कोन पाहून भिंगाचा निर्णय. त्याआधी कधीही डोळा लाल होऊन कळ कपाळात गेली, उलटी झाली आणि नजर धुक्यासारखी झाली, तर सकाळची वाट न पाहता मॅनिटॉल देता येईल अशा रुग्णालयात जा, आणि दारातच सांगा: आरओपीचा डोळा आहे, कोन बंद आहे, दिसणारा डोळा एकच आहे.